आवक नंबर

माझ्या मुलीचं नाव समृद्धी. किती हौसेनं ठेवलं होतं, नणंदेनं पाळण्यापाशी कानात कुर्रर्र करून सांगितलं, तिच्या पाठीत धपाटे घालून झाले, घुगऱ्या वाटल्या. तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार होतं की ह्या नावात एक मृ आहे आणि एक द्धी आहे आणि ह्या दोन अक्षरांपायी पोर तिसरी-चौथीपर्यंत स्वतःच्या नावाला घाबरणार आहे. घरात आम्ही समूच म्हणतो, ते तिला लिहायला येतं.

हे सगळं आत्ता लिहायला बसायचं कारण असं की परवा आमच्या पतसंस्थेत एक ताई आल्या, त्यांचा मुलगा दुसरीत आहे, कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं होतं, आणि काउंटरच्या पलीकडून हळूच म्हणाल्या, तुमच्या मुलीच्या वाचण्या-लिहिण्याच्या अडचणीवर तुम्ही काय काय केलं ते सगळं सांगा ना. अर्धा तास बोललो, मागे रांग लागली, मॅनेजर साहेब चष्म्यावरून बघायला लागले. म्हणलं घरी जाऊन लिहूनच काढावं एकदा.

तर समू पहिलीत गेली जून २०२० ला, म्हणजे शाळेत गेलीच नाही, मोबाईलवर गेली. बाई व्हॉट्सॲपवर पानाचा फोटो पाठवायच्या, आम्ही हात धरून ते गिरवून घ्यायचो आणि उलट फोटो पाठवायचो. दुसरी पण निम्मी तशीच. त्यामुळं तिसरीत शाळा नीट सुरू झाल्यावर तिला वाचता येत नाही असं लक्षात आलं तरी सगळ्यांचं उत्तर एकच, लॉकडाऊनची पोरं आहेत हो, सगळ्यांचंच असं झालंय, येईल हळूहळू. मलाही ते पटायचं कारण ते पटणं सोयीचं होतं. वर्गातल्या निम्म्या पोरांचं खरंच तसंच होतं, आणि ती पोरं सहा महिन्यांत पुढं गेली सुद्धा. समू तिथंच.

मला कळलं ते २०२२ च्या दिवाळीत. मी करंज्यांना मुरड घालत बसलेली आणि समू समोर पाटावर बसून मराठीचा धडा वाचून दाखवतेय, छान सुरात, स्वल्पविरामाला थांबून वगैरे, सासूबाई कौतुकानं मान डोलावतायत. माझं सहज लक्ष गेलं तर पोरीचं बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड दोन परिच्छेद पुढं. आणि मग ती पुढच्या पानावरचं म्हणायला लागली, पान उलटायचं राहूनच गेलं होतं. मी पिठाचे हात तसेच ठेवून कोपरानं पुस्तक ओढलं आणि मधल्याच एका शब्दावर करंगळी ठेवली, हे काय लिहिलंय सांग. गप्प. दुसरा शब्द. गप्प. मग म्हणाली, आई तू पहिल्यापासून म्हणायला दे ना.

नंतर कळलं की ती जावेच्या मुलाकडून, तो पाचवीत होता, धडा दोनदा मोठ्यानं वाचून घ्यायची आणि कानानं पाठ करायची. आख्खा धडा. ज्या पोरीला आम्ही मनातून मंद समजायला लागलो होतो (हो, समजत होतो, आता कशाला लपवायचं) ती दोनदा ऐकून दीड पान पाठ करत होती.

लिहिण्याचं तर विचारूच नका. घ चा ध, भ चा म, मात्रा पुढच्या अक्षरावर, अनुस्वार तर कायमचे रजेवर. एकदा वर्गात बाईंनी सुट्टीत काय केलं ते लिहायला सांगितलं तर हिनं लिहिलं, "मी शेतात जाऊन आबा खाल्ला." बाईंनी ते मोठ्यानं वाचलं. आता तिच्या आजोबांना आम्ही आबाच म्हणतो आणि गावात सगळ्यांना ते माहीत. आठवडाभर पोरं तिला विचारत होती, आबा गोड होता का गं. बाईंचा काही वाईट हेतू नव्हता, त्यांना खरंच हसू आलं असणार, मलाही घरी पहिल्यांदा आलंच. पण त्यानंतर समूनं मनानं काही लिहिणं बंदच केलं. फळ्यावरचं उतरवून घ्यायची, तेही अर्धं, कारण तिचं उतरवून होईपर्यंत फळा पुसलेला असायचा.

बाईंना भेटले तर म्हणाल्या घरी अभ्यास घेत नाही का, आणि एक उपाय दिला, रोज चुकलेले शब्द दहा-दहा वेळा लिहून आणायचे. आम्ही महिनाभर केलं ते. पहिल्यांदा ती शब्द चुकीचा उतरवायची आणि मग पुढचे नऊ वेळा तो चुकीचाच अगदी मन लावून लिहायची. म्हणजे चूक पक्की करायचा कार्यक्रम चालला होता घरात, रोज संध्याकाळी सात ते नऊ, रडारडीसकट. एकदा मी हातही उचलला. ते दुःख मला अजून आहे.

मग नेहमीचे उपाय झाले, डोळे तपासले, ब्राह्मीची गोळी, महिना पाचशे रुपयांची शिकवणी, कुणीतरी सांगितलं म्हणून सकाळी भिजवलेले बदाम. डोळे उत्तम निघाले.

पुढचं सगळं घडलं ते एका केवायसी फॉर्ममुळं. जानेवारी २०२३, माझ्या काउंटरला एक मॅडम खातं उघडायला आल्या, व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं विशेष शिक्षक, गटसाधन केंद्र. मी सहज विचारलं, विशेष म्हणजे काय हो. त्यांनी सांगितलं, समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेत कंत्राटी आहे, साध्या शाळांमधल्या दिव्यांग मुलांसाठी, माझ्याकडं सहा केंद्रं, म्हणजे शाळांचे सहा गट आहेत, धरा साठ-सत्तर शाळा. मी म्हणलं आमच्या शाळेत तर तुम्हाला कधी बघितलं नाही. त्या हसल्या नुसत्या. मग मी मुलीचं सांगितलं, तो आबाचा किस्सा पण, तर त्या हसल्या नाहीत, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, तोंडी विचारलं तर येतं का तिला? मी म्हणलं सगळं येतं. पाढे? पंधरापर्यंत. त्या म्हणाल्या रविवारी येते घरी.

रविवारी आल्या, समूशी तासभर खेळल्यासारखं बोलल्या, वह्या बघितल्या, आणि मला अध्ययन अक्षमता हा शब्द पहिल्यांदा त्यांच्या तोंडून कळला, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचणं-लिहिणं अडणं, डिस्लेक्सिया त्यातलाच. डिस्लेक्सिया म्हणजे फक्त इंग्रजी मीडियमच्या शहरातल्या पोरांना होतो असा माझा समज होता, सिनेमातल्यासारखा. त्यांनी सांगितलं की भाषा कुठलीही असो, देवनागरीत फक्त त्याचं रूप वेगळं दिसतं, मात्रा, जोडाक्षरं, सारखी दिसणारी अक्षरं. आणि हे पण सांगितलं की त्या स्वतः प्रमाणपत्र देऊ शकत नाहीत, ते सरकारी दवाखान्यातूनच मिळतं, मूल आठ वर्षांचं झाल्यावर, आणि आधी शाळेचं पत्र घ्या, तिचं वाचन-लेखन कसं आहे ते बाईंनी लिहून दिलेलं. मला वाटलं पत्रच तर पाहिजे, उद्या मिळेल.

उद्या काही मिळालं नाही. हेडसर म्हणाले आमच्या शाळेत असली मुलं नाहीत. मी म्हणलं सर मी तिची आई आहे, मी सांगतेय. तर म्हणाले अहो ताई, असलं पत्र दिलं की उद्या शाळेचं नाव खराब, आणि पोरीला एकदा शिक्का लागला की लागला, त्यापेक्षा तुम्ही तिला शहरातल्या स्पेशल शाळेत का घालत नाही. मग सोमवारी या, मग बाई रजेवर आहेत, मग तपासणी आहे, मग संस्थेला विचारावं लागेल. तीन आठवडे गेले. खासगी अनुदानित शाळा, संस्थेचे संचालक आमच्या ओळखीचे, त्यामुळं भांडायचीही चोरी.

आता मी बारा वर्षं पतसंस्थेत काम करते. मला एक गोष्ट पक्की माहीत आहे, तोंडी बोललेलं म्हणजे वाऱ्यावरची वरात. आमच्याकडं कुणी येऊन कितीही ओरडलं तरी काही होत नाही, पण एक साधा अर्ज आवक रजिस्टरला चढला की त्याचं उत्तर कुणाला तरी द्यावंच लागतं. आणि मी स्वतःच्या पोरीसाठी तीन आठवडे तोंडी फिरत होते! त्या रात्री बसून एक पानाचा अर्ज लिहिला. विशेष शिक्षिका मॅडमनी मला कायद्याचं पान पाठवलं होतं, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६. त्यात एकूण एकवीस प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यातला एक आहे. आणि कलम १६ मध्ये चक्क असं लिहिलंय की मान्यताप्राप्त शाळांनी मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी आणि शिकवण्यात योग्य ते उपाय करावेत, हे बघायचं काम सरकारचं. म्हणजे बघा, ओळखायचं काम शाळेचं, आणि मी करंज्या करताना ओळखलं होतं, आणि शाळा म्हणत होती असली मुलं आमच्यात नाहीत.

अर्ज घेऊन गेले, दोन प्रती. क्लार्क म्हणाला ठेवून जा. मी म्हणलं दादा आवक नंबर टाकून सही-शिक्का द्या माझ्या प्रतीवर. तो म्हणाला सरांना विचारावं लागेल. सर वर्गावर. मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवला, पोचपावती जोडून, आणि खाली लिहिलं, प्रत माहितीसाठी गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती. चौथ्या दिवशी हेडसरांचा स्वतःहून फोन, आवाजात जरा लागलेलं, अहो ताई पोस्टानं कशाला, आपण घरचीच माणसं. मी म्हणलं घरचीच आहोत सर म्हणून तर तीन आठवडे थांबले. पत्र संध्याकाळी तयार होतं, आणि खरं सांगते, बाईंनी त्यात फार बारकाईनं लिहिलं होतं, कुठली अक्षरं चुकतात, तोंडी उत्तरं कशी देते, फळ्यावरून उतरवायला किती वेळ लागतो. म्हणजे बाईंना सगळं दिसत होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

दवाखान्याचं थोडक्यात सांगते कारण त्यात फक्त हेलपाटे आहेत. २०२१ पासून हे सगळं स्वावलंबन नावाच्या, दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करावं लागतं, आधार, फोटो, पत्ता, मग तारीख. पहिल्या खेपेला कान आणि डोळे, दुसऱ्या खेपेला बालरोगतज्ज्ञ, तिसऱ्या खेपेला गेलो तर सायकॉलॉजिस्ट ट्रेनिंगला गेलेल्या आणि ते आम्हाला तिथं पोचल्यावर कळलं. सकाळी सहाची एसटी, डबा, पाण्याची बाटली, परत यायला संध्याकाळ. तेव्हा नुकतंच बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं होतं आणि समूचं पण अर्धं, तेवढं एक बरं. चौथ्या खेपेला बुद्ध्यांकाची चाचणी, ती मिसिक नावाची, आणि पाचव्या खेपेला वाचन-लेखन-गणिताची, बंगळूरच्या निम्हान्स ह्या संस्थेनं तयार केलेली. एक गोष्ट जाणाऱ्यांनी आधी विचारून घ्या, मुलाची चाचणी त्याच्या शाळेच्या माध्यमातून होणार का. आम्हाला पहिल्यांदा इंग्रजी उताराच पुढं केला होता, मराठी शाळेतल्या तिसरीच्या पोरीला. मी म्हणलं मॅडम हिला मराठीतून बघा, तर त्यांनी कपाट उघडून मराठीतला काढला, म्हणजे होता त्यांच्याकडं. मराठीसाठी वेगळी साधनं आहेत, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ मध्ये डाली म्हणून एक संच काढला तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. पण तो सगळीकडं वापरात असतो असं नाही, विचारावं लागतं.

बुद्ध्यांक १०८ आला. अध्ययन अक्षमता म्हणायला तो ८५ च्या वर असावा लागतो, म्हणजे बुद्धी ठीक आहे पण वाचन अडतंय असं दिसायला लागतं. ह्यांनी, म्हणजे समूच्या बाबांनी, त्या कागदाचा तिथंच फोटो काढला आणि आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला, काही न लिहिता. ज्या दिरानं दिवाळीत हिला मठ्ठ म्हणलं होतं तो त्या ग्रुपवर आहे.

पण हेच बाबा प्रमाणपत्राच्या दिवशी अडून बसले. दवाखान्याच्या बाहेर चहाच्या गाड्यावर. म्हणाले प्रमाणपत्राबरोबर कार्ड मिळतं त्यावर दिव्यांग असं छापून येणार. मी म्हणलं येणार. म्हणाले पोरीची जात आहे, उद्या स्थळं बघताना कुणी काढलं तर. मी म्हणलं ती नऊ वर्षांची आहे हो. म्हणाले दहा वर्षं कशी जातील कळणार नाही. मला राग आला पण खोटं काय बोलत होते ते, गावात राहतो आम्ही, इथं कोण कुठल्या डॉक्टरकडं गेलं हे चक्कीवर कळतं. दोन चहा झाले. शेवटी मी म्हणलं दहावी नापास असं छापून आलेलं चालेल का मग. ते काही बोलले नाहीत, उठून आत गेले आणि रांगेत उभे राहिले. कार्ड आलं ऑगस्ट २०२३ मध्ये, समू चौथीत होती. आमच्या वेळच्या नियमानं हे चौदाव्या वर्षी आणि अठराव्या वर्षी परत तपासून घ्यायचंय.

आणि आता माझी सगळ्यात मोठी चूक. मला वाटलं झालं. कार्ड आलं म्हणजे आता शाळा शिकवेल. शाळेनं कार्डाची झेरॉक्स फाइलला लावली, आणि दुसऱ्या दिवशी समू परत फळ्यासमोर तीच. मी विशेष शिक्षिका मॅडमना रागानं फोन केला तर त्या शांतपणे म्हणाल्या, ताई, कार्डानं सवलत मिळते, वाचायला येत नाही. सवलत वेगळी आणि शिकवणं वेगळं. जादा वेळ दिला म्हणून न येणारं अक्षर येत नाही. माझ्या डोक्यात सात-आठ महिने ह्या दोन गोष्टी एकच होत्या, आणि मी बघते, बहुतेक आईबापांच्या एकच असतात, आणि शाळेला तर ते सोयीचंच पडतं.

मग परत अर्ज, ह्या वेळी आवक नंबर लगेच पडला. त्यात मी मोठंमोठं काही मागितलं नाही. एक, हिला अचानक उभं करून सगळ्यांसमोर वाचायला लावू नका. दोन, फळ्यावरचं शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवून घेऊ द्या, नाहीतर मी फोटो मागवते. तीन, धड्याचे प्रश्न तोंडी विचारा. बाई म्हणाल्या एकीला सूट दिली की बाकीचे पण मागतात, आणि माझ्या वर्गात सत्तेचाळीस आहेत. त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. सत्तेचाळीस पोरं, वर मतदार यादीचं काम, वर रोज कुठली ना कुठली माहिती ऑनलाइन भरा. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये सांगितलंय की प्राथमिकला अशा दहा मुलांमागं एक विशेष शिक्षक पाहिजे, आणि आमच्याकडं एक मॅडम साठ-सत्तर शाळा फिरत होत्या. बाईंवर चिडून मी काय मिळवणार होते. मी म्हणलं बाई मी तुमच्याकडून शिकवायची अपेक्षाच करत नाही, ते आम्ही घरी बघतो, तुम्ही फक्त तिला वर्गात हसू होऊ देऊ नका. बाई एकदम म्हणाल्या, ते आंब्याचं तुमच्या मनात आहे ना अजून. मी म्हणलं हो. त्यानंतर बाई आमच्या बाजूच्या झाल्या, कशा झाल्या मला सांगता येणार नाही.

घरी शिकवायचं मॅडमनी दाखवलं. त्यांनी एक जुनी लग्नपत्रिका मागितली, जाड कागदाची, तिला मधोमध एक लांबट खाच पाडली, एका ओळीएवढी. ती पत्रिका पानावर ठेवली की एकच ओळ दिसते, बाकी सगळं झाकलेलं. समूनं पहिल्यांदा त्यातून बघितलं आणि म्हणाली, आई आता अक्षरं हलत नाहीत. अक्षरं हलतात हे तिनं त्याआधी कधी सांगितलंच नव्हतं, तिला वाटायचं सगळ्यांचीच हलतात. आमच्या घरात आता सगळ्या पुस्तकांत खाच पाडलेल्या पत्रिका आहेत, कुणाच्या लग्नाला गेलं की समू आधी पत्रिकेचा कागद दाबून बघते.

आणि ते घ-ध, भ-म. हे मला आयुष्यभर पुरेल असं मॅडमनी सांगितलं. परातीत रवा पसरायचा, बोटानं अक्षर काढायचं आणि म्हणायचं, ध आणि भ ह्यांच्या घराचं छप्पर फुटलंय, घ आणि म ह्यांचं शाबूत आहे. बघा खरंच, वरची रेघ ध आणि भ ला मध्येच तुटते. मी बी.कॉम. झालेली बाई, बारा वर्षं रोज धनादेश लिहिते, मला हे कधी दिसलं नव्हतं. समू रव्यात ध काढायची आणि म्हणायची, पाऊस आला तर हे भिजणार. चार महिने रोज वीस मिनिटं, त्याच्यावर एक मिनिट नाही, तेवढं मॅडमनी बजावलं होतं. नंतर त्या रव्याचा शिरा करायचे मी, समूला वाटायचं अक्षरांचा शिरा.

चौथीच्या शेवटी ती न पाठ केलेला उतारा वाचायला लागली. हळू, अडखळत, पण ज्या ओळीवर बोट त्याच ओळीवर तोंड.

पाचवीला संस्थेच्याच हायस्कूलला गेली. इमारत वेगळी, हेडसर वेगळे, फाइल जुन्या शाळेत राहिली. म्हणजे परत पहिल्यापासून. आणि पाचवी म्हणजे आता साधी नाही, आपल्याकडं पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत सुरू झालीय, प्रत्येक विषयात पन्नासपैकी अठरा पाहिजेत, नाहीतर पुनर्परीक्षा आणि त्यातही राहिलं तर तिथंच. मी जूनलाच अर्ज दिला, जादा वेळ आणि प्रश्न वाचून दाखवणं. नवे हेडसर म्हणाले ह्या सवलती दहावी-बारावी बोर्डाला असतात. तसं दहावीला त्या आपल्या राज्यात १९९६ पासून आहेतच, पण ऑक्टोबर २०१८ चा शासन निर्णय पहिली ते बारावीचा आहे, ती प्रत मी पिशवीतच घेऊन गेले होते. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली, तिथंच उभ्या उभ्या, आणि म्हणाले मला हे खरंच माहीत नव्हतं, झेरॉक्स ठेवून जा. असे पण असतात.

तरी घोळ व्हायचा तो झालाच. एप्रिलमध्ये पहिला पेपर मराठीचा. घंटा झाली आणि वर्गावरच्या सरांनी सगळ्यांबरोबर हिचाही पेपर ओढून घेतला. तासाला वीस मिनिटं जादा मंजूर होती, हेडसरांची सही होती, पण तो कागद ऑफिसात आणि सर वर्गात. समू काही बोलली नाही. संध्याकाळी जेवताना म्हणाली, माझे शेवटचे दोन प्रश्न राहिले, मला येत होते. मी ताट तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं शाळेच्या गेटवर, हे पण, ज्यांना कार्ड नको होतं ते, कामावर खाडा करून. ह्यांनी त्या मंजुरीच्या झेरॉक्स काढल्या होत्या, राहिलेल्या प्रत्येक पेपरला एक, आणि समूच्या कंपासपेटीत घडी घालून ठेवल्या. तिला सांगितलं, घंटा झाली की बोलू नको, नुसता कागद पुढं कर. राहिलेले पेपर व्यवस्थित झाले. मराठीत एकवीस पडले, गणितात एकेचाळीस.

विशेष शिक्षकांची केंद्रशाळेला एक याप्रमाणं ४,८६० पदं २०२४ मध्ये मंजूर झाली, वर्तमानपत्रात आलं तेव्हा मी कात्रण मॅडमना पाठवलं. त्यांचं केंद्र आता बदललंय, फोनवर असतात.

समू सहावीत आहे. यंदाचा अर्ज मी जूनमध्ये लिहीत बसले होते तर शेजारी येऊन म्हणाली, माझ्यासाठी आहे तर मी पण सही करते. मी म्हणलं कर. दहा मिनिटं लागली तिला, जीभ बाहेर काढून, दोनदा खोडून. शाळेत क्लार्कनं अर्ज घेतला, वरून खाली वाचला आणि खालच्या सहीवर बोट ठेवून म्हणाला, ताई इथं मुलीच्या नावात चूक झालीय, द्धी मधला द राहिलाय, नुसता धी आलाय, दुरुस्त करून आणता का. ध चं छप्पर मात्र बरोबर फुटलेलं होतं. मी म्हणलं असू दे दादा, तुम्ही आवक नंबर टाका.